सपाट रस्त्याचा हिशेब तासांत करा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की गाडी घेऊन लांब जाणाऱ्यांसाठी प्रवास पुरवण्यांमध्ये सूचना छापून येतात. घाट कसा चढावा, वळणावर हॉर्न कधी द्यावा, उतारावर कुठला गिअर ठेवावा, हे सगळं त्यात असतं आणि ते योग्यच आहे. मैदानी प्रदेश मात्र एका ओळीत उरकला जातो: पुढचा रस्ता सरळ आणि सपाट, त्यामुळे अंतर झपाट्यानं कापता येतं. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. घाटात दर पाच-दहा सेकंदांनी हातापायाला काम पडतं, त्यामुळे चालक जागा राहतो. सपाटीवर तासन्‌तास काहीच घडत नाही, आणि घडतं तेव्हा गाडी शंभराच्या वेगात असते.

आधी अंतराचं बघू. 'सातशे किलोमीटर, शंभरनं गेलो तर सात तास' हा हिशेब घराघरात होतो आणि दरवेळी चुकतो. काट्यावरचा वेग वेगळा, दिवसाची सरासरी वेगळी. दुपदरी रस्त्यावर मधली गावं, फाटे, रेल्वे फाटक, इंधन, जेवण आणि पाय मोकळे करायचे थांबे धरले तर सरासरी ६५ धरणं शहाणपणाचं. म्हणजे सातशेला अकरा तास. ज्यांचं पोटच गाडी चालवण्यावर आहे त्यांच्यासाठी कायदा काय म्हणतो ते इथे ताडून पाहावं. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ट्रक-बसचालकानं सलग साडेचार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही. त्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची, आणि दिवसाचं एकूण चालवणं ९ तास, आठवड्यातून दोनदाच १०. अमेरिकेत मालवाहू ट्रकच्या चालकाला आधी सलग १० तास सुट्टी घेतल्यावरच ११ तास चालवता येतं. ही मर्यादा सरावलेल्या माणसांसाठी आहे. आठवडाभर कार्यालयात बसून शनिवारी पहाटे निघणाऱ्यानं स्वतःला यापेक्षा ढिला नियम का लावावा? माझ्या मते एकटा चालक असेल तर दिवसाला ५०० किलोमीटर पुरे. दोघं आलटून पालटून चालवणार असतील तर ६५०. त्यापुढे मुक्काम करावा.

वेळ भरून काढायला वेग वाढवणं हा सर्वांत आवडता आणि सर्वांत तोट्याचा मार्ग. ३०० किलोमीटरचा मोकळा पट्टा शंभरनं तीन तासांत होतो, एकशेवीसनं अडीच तासांत. वाचला अर्धा तास. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे २० टक्के जास्त वेगाला ४४ टक्के जास्त विरोध. इंधन तितकंच वाढतं असं नाही, कारण टायरचं घर्षण त्या प्रमाणात वाढत नाही, पण टाकी लवकर रिकामी होते एवढं नक्की. मग एक जादा थांबा पडतो आणि वाचलेल्या अर्ध्या तासातला मोठा भाग तिथेच जातो.

आता झोप. सरळ रस्त्यावर डोळे उघडे असून मेंदू झोपतो. याला इंग्रजीतून आलेलं 'हायवे हिप्नोसिस' हे नाव आहे, आपल्याकडे 'पेंग' म्हणतात, पण पेंग हा त्याचा पुढचा टप्पा. पहिल्या टप्प्यात मान लुढकत नाही. गेले पाच-सात किलोमीटर कसे आले हे आठवत नाही, ठरलेला फाटा मागे पडतो, काटा ९५ वरून ८० वर आल्याचं लक्षात येत नाही, गाडी हळूच कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जाते आणि टायरचा आवाज बदलल्यावर माणूस दचकतो. दचकणं हीच शेवटची सूचना समजावी. त्यानंतर जी डुलकी येते ती तीन-चार सेकंदांचीच असते. शंभराच्या वेगात गाडी सेकंदाला २८ मीटर जाते. चार सेकंदांत १११ मीटर, कोणी चालवत नसताना.

काच उघडून गार वारा घेणं आणि रेडिओ मोठ्यानं लावणं, हे दोन घरगुती उपाय ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात रीतसर तपासले गेले. फायदा नगण्य आणि थोड्याच वेळापुरता निघाला. त्याच संशोधकांनी तपासलेला दुसरा उपाय मात्र चांगला चालतो: सुरक्षित जागी गाडी थांबवायची, साधारण १५० ते २०० मिलिग्रॅम कॅफिन पोटात जाईल एवढी कॉफी प्यायची, म्हणजे कडक कॉफीचे दोन कप, आणि लगेच सीट मागे करून पंधरा मिनिटं डोळे मिटायचे. कॉफीचा असर यायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे जाग येते तेव्हा दोन्ही एकदम लागू पडतात. क्रम उलटा केला, आधी झोप आणि मग कॉफी, तर पहिला अर्धा तास तुम्ही कॉफीविनाच चालवता. गजर वीस मिनिटांच्या पुढचा लावू नये. चाळीस मिनिटं झोपलं तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं बराच वेळ जड राहतं. हा उपाय दिवसातून एकदा. दुसऱ्यांदा पेंग आली तर त्याचा अर्थ एकच, दिवस संपला.

शरीराचं घड्याळ दिवसातून दोनदा खाली जातं: मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहा, आणि दुपारी दोन ते चार. दुपारचा उतार भरपेट जेवणाशिवायही येतो, जेवणानं तो अधिक खोल होतो इतकंच. म्हणून मोठा थांबा दुपारी एकला न घेता अडीचला घ्यावा. आणि 'रात्री रस्ता मोकळा असतो' म्हणून दिवसभर काम उरकून रात्री निघणाऱ्यांसाठी एक आकडा. सलग १७ तास जागं राहिल्यावर हातपाय आणि नजर रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी चालतात, असं ऑस्ट्रेलियातल्या १९९७ च्या प्रयोगात दिसलं. सकाळी सहाला उठलेल्या माणसासाठी ती वेळ रात्री अकराची. सर्दीच्या गोळ्या खाऊन निघणाऱ्यांनी पाकिटावरचा झोपेबद्दलचा इशाराही वाचावा.

शेजारच्या सीटवर बसणाऱ्यालाही काम आहे. तो झोपला की चालकालाही झोप लवकर येते. झोपायचंच असेल तर मागे जावं आणि जागा असलेला माणूस पुढे यावा. चालक बदलायचा तो दमल्यावर नाही, दर दोन तासांनी, दमलेला असो वा नसो. दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे सर्वांत शेवटी कळतं. क्रूझ कंट्रोल असेल तर सपाटीवर ते खरोखर उपयोगी आहे, पाय दुखत नाही, वेग एकसारखा राहतो. पण पेंग येत असताना ते लावणं म्हणजे उरलंसुरलं काम काढून घेणं. पावसातही ते बंदच ठेवावं.

दुपदरी रस्त्यावरचं ओव्हरटेकिंग हा मैदानी प्रवासातला खरा कठीण भाग. समोर दोन किलोमीटर दिसतं म्हणून तो सोपा वाटतो. एक उदाहरण कागदावर मांडून बघा. १६ मीटर लांबीचा ट्रक ६० नं चाललाय, तुम्ही ९० नं त्याला मागे टाकताय. मागे ३० मीटर अंतर, ट्रकची लांबी, पुढे ३० मीटर आणि तुमच्या गाडीचे चार मीटर मिळून ८० मीटर जास्तीचे कापायचे आहेत. वेगातला फरक सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे साडेनऊ सेकंद. तेवढ्या वेळात तुम्ही २४० मीटर गेलात आणि समोरून ९० नं येणारी गाडीही २४० मीटर जवळ आली. म्हणजे ४८० मीटर नुसते खर्ची पडले, त्यात मोकळीक काहीच नाही. सातशे मीटर रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर बाहेर काढू नये. आणि ट्रक ६० ऐवजी ७५ नं चाललेला असेल तर हाच हिशेब दुप्पट होतो: १९ सेकंद, आणि दोन्ही बाजूंचे मिळून साडेनऊशे मीटर. त्या ट्रकच्या मागे मुकाट्यानं राहणं हेच बरं.

दिसतं ते कळतं असंही नाही. समोरच्या गाडीचा वेग डोळा ओळखतो तो तिचा आकार किती भराभर वाढतो यावरून. दोघंही ९० नं जवळ येत असतील तर एक किलोमीटरवरचा ठिपका दुप्पट मोठा व्हायला १० सेकंद लागतात. पुन्हा दुप्पट व्हायला ५. पुन्हा दुप्पट व्हायला अडीच. म्हणजे पहिले दहा सेकंद ती गाडी जागच्या जागी उभी वाटते, आणि नेमके तेच दहा सेकंद तुम्ही चुकीच्या बाजूला असता. भर उन्हात तापलेल्या डांबरावर मृगजळ तयार होतं, त्यात लांबच्या गाडीचा खालचा भाग गायब होतो आणि ती तरंगताना दिसते. रंग राखाडी असेल तर दिसतही नाही. म्हणून दुपदरी रस्त्यावर दिवसाही हेडलाइट चालू ठेवावेत. दिव्याचे दोन ठिपके मृगजळातूनही कळतात.

ओव्हरटेक करायच्या आधी ट्रकला चिकटून चालू नये. पन्नास-साठ मीटर मागे राहिलात तर पुढचा रस्ता दिसतो, आणि वेग आपल्याच बाजूला असताना वाढवून मगच बाहेर पडता येतं. आडवा वारा असेल तर आणखी एक गंमत होते. वाऱ्यासाठी स्टिअरिंग किंचित वळवून धरलेलं असतं. ट्रकच्या आडोशाला शिरताच वारा थांबतो आणि गाडी ट्रकच्या दिशेनं सरकते. पुढे निघताना वारा परत आदळतो आणि गाडी बाहेर फेकली जाते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. टपावर सामानाची पेटी असेल तर हा धक्का जास्त बसतो. जड सामान टपावर कधीच नको, ते मागच्या सीटच्या पाठीला टेकून, तळाशी.

साइडपट्टीबद्दल फार कमी लिहिलं जातं. सरळ रस्त्यावर गाड्या उलटतात त्याचं एक मोठं कारण तीच आहे. डांबराची कड आणि मातीची पट्टी यांत चार-पाच इंचांची पायरी असते. पेंगेत किंवा मोबाइल पाहताना एका बाजूची चाकं खाली उतरतात. चालक दचकून स्टिअरिंग झटक्यात वळवतो. टायरची बाजू डांबराच्या कडेला घासत अडकून राहते आणि मग एकदम वर येते. वळवलेली चाकं डांबरावर पकड घेतात आणि गाडी आडवी होऊन समोरच्या लेनमध्ये जाते किंवा कोलांटी खाते. बरोबर कृती कंटाळवाणी आहे: चाकं खालीच राहू द्यायची, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक दाबायचा नाही. वेग चाळीसच्या खाली आला की कड जिथे उथळ आहे तिथून सावकाश वर यायचं. मनातल्या मनात याची उजळणी करून ठेवावी, कारण ऐन वेळी हात आपोआप उलटंच करतात.

टायर. निघायच्या आदल्या दिवशी पंपावर जाऊन हवा भरून आणणं पुरेसं नाही, कारण पंपापर्यंत जाताना टायर तापतात. हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीन तास उभी असल्यावर. स्वतःचा गेज असला तर उत्तम. किती भरायची हे टायरवर लिहिलेलं नसतं. टायरवरचा आकडा कमाल मर्यादेचा असतो. गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तिथे बऱ्याचदा दोन रकाने असतात, एक नेहमीचा आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान घेऊन दिवसभर शंभरनं जायचं तर दुसरा रकाना बघायचा. नेमका हाच बघितला जात नाही. टायर फुटण्याचं मूळ बहुतेक वेळा कमी हवेत असतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, दुमडण्यानं उष्णता होते, उष्णतेनं रबर आणि आतली तार यांचा जोड सुटतो. घाटात हे होण्याआधी वेग कमी होतो, टायरला उसंत मिळते. सपाटीवर तीन तास एकसारखा वेग असतो, उसंत नाही.

धावताना तापलेल्या टायरमध्ये चार ते सहा पीएसआय (गेजवरचं हवेच्या दाबाचं एकक) हवा जास्त दिसते. ती काढून टाकू नये. बाहेरचं तापमान पाच-सहा अंशांनी बदललं की साधारण एका पीएसआयचा फरक पडतो, हे धरूनच तो आकडा ठरवलेला असतो. नायट्रोजन भरून घेण्याचा आग्रह होतो, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर महिन्याला गेज लावणाऱ्याला त्याची गरज नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर टायर तज्ज्ञाला दाखवावा, दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी काढावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की तो संपला. पावसाळ्यात त्याच्या बऱ्याच आधी.

स्टेपनीत हवा आहे का हे निघताना बघा. ती बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागतात आणि वेगाची मर्यादा ८० असते. मोकळ्या रस्त्यावर ती लावून शंभरनं जाणारे दिसतात. पाना आणि जॅक असतातच, पण सपाट प्रदेशातली मऊ माती जॅक गिळते. फूटभर लांब-रुंद, इंचभर जाडीची लाकडी फळी डिकीत ठेवली तर हा प्रश्न मिटतो. नट आधी अर्धा फेरा ढिले करायचे, मग गाडी उचलायची. उचललेल्या गाडीवर जोर लावला की ती जॅकवरून घसरते. लावताना नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत एकदा. त्रिकोण गाडीच्या मागे वीस पावलांवर ठेवून भागत नाही. शंभरनं येणाऱ्याला तो निदान शंभर मीटरवर हवा. माणसांनी गाडीत बसून राहू नये, रस्त्यापासून दूर उभं राहावं.

धावताना टायर फुटलाच तर ब्रेक नाही. स्टिअरिंग सरळ, पाय ॲक्सिलरेटरवरून सावकाश काढायचा, गाडी आपोआप मंद होऊ द्यायची आणि पन्नासच्या खाली आल्यावरच हळूहळू कडेला. पुढचा फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर शेपूट हलते. दोन्हींचा उपाय हाच.

इंजिनाचं थोडक्यात. कूलंट इंजिन थंड असताना, सपाट जागी बघायचं. पातळी कमी असेल तर नुसतं भरून निघू नये, ते गेलं कुठे हे शोधावं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं आणि झाकण सुटताच उकळून अंगावर येतं. काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू. माणसांना घाम फुटतो पण इंजिनाची उष्णता बाहेर निघते. तरी चढत राहिला तर थांबा. मोकळ्या शेतांमधून किंवा गवताळ भागातून जाताना रेडिएटरच्या जाळीवर किडे आणि गवताचं बी चिकटतं आणि हवा कोंडते. दर थांब्याला बॉनेटच्या जाळीवर नजर टाकली तरी पुरते. आणि वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. गाडीखालचा, इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा कॅटालिटिक कन्व्हर्टर काहीशे अंशांना तापलेला असतो, गवत त्याला टेकलं की पेटतं.

इंधन अर्ध्यावर आलं की भरायचं, हा नियम सपाटीसाठीच आहे. 'अजून इतके किलोमीटर जाईल' असं सांगणारा डॅशबोर्डवरचा आकडा मागच्या वापरावरून काढलेला असतो, पुढच्या वाऱ्याची त्याला कल्पना नसते. समोरून ३० चा वारा असेल तर शंभरनं जाणाऱ्या गाडीला हवेचा वेग १३० लागतो, आणि विरोध जवळपास ७० टक्क्यांनी वाढतो. बॅटरीवरच्या गाडीत हे आणखी जाणवतं. अशा गाडीनं जाणाऱ्यांनी १० ते ८० टक्क्यांच्या टप्प्यात चार्जिंगचे थांबे आखावेत. ८० च्या पुढे चार्जिंग इतकं मंदावतं की पुढच्या केंद्रावर जाऊन लावणं स्वस्त पडतं.

वादळी पाऊस लांबून दिसतो, हा सपाट प्रदेशाचा एक फायदा, त्यामुळे थांबायला वेळ मिळतो. रस्त्यावर पाणी साचलं असताना स्टिअरिंग एकदम हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगताहेत. ब्रेक नको, पाय उचला, चाकं सरळ धरा. धुळीचं वादळ आलं तर रस्ता पूर्ण सोडून जितकं बाजूला जाता येईल तितकं जा आणि सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पायही काढा. चालू दिवे पाहून मागचा चालक तिथेच रस्ता आहे असं समजतो आणि येऊन आदळतो. विजा चमकत असतील तर पत्र्याच्या टपाची बंद गाडी सुरक्षित असते, एकटं झाड नाही.

रात्रीचा एक हिशेब सांगून टाकतो, कारण तो कोणी करत नाही. लो बीमचा उपयोगी उजेड ४० ते ६० मीटरपर्यंत पडतो. शंभराच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, दीड सेकंद भानावर यायला आणि मग पूर्ण ब्रेक धरला तर गाडी थांबायला साधारण ९७ मीटर लागतात. म्हणजे रस्त्यात आडवं पडलेलं झाड किंवा जनावर दिसेपर्यंत ते टळण्यापलीकडे गेलेलं असतं. ७० ला हे अंतर ५६ मीटर होतं. समोरून गाड्या येत असताना, म्हणजे डिपरवर, ७० हाच रात्रीचा वेग. जनावर आडवं आलं तर सरळ रेषेत ब्रेक, वळवायचं नाही. वळवताना साइडपट्टीचं जे वर लिहिलं तेच होतं. आणि शंभरच्या वेगानं दोन तास चालवल्यावर ६० म्हणजे रांगल्यासारखं वाटतं, म्हणून गावात शिरताना किंवा फाट्यावर वळताना अंदाजावर न जाता काट्याकडे बघा.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीत मार्ग छापताना किलोमीटरच्या शेजारी थांब्यांसह तास छापावेत, आणि रस्ता कुठल्या दिशेला जातो तेही, एवढीच विनंती. दिशा महत्त्वाची, कारण मैदानात सूर्य टेकडीआड जात नाही, क्षितिजाला टेकेपर्यंत डोळ्यांत असतो. पश्चिमेला जाणाऱ्यानं शेवटचा दीड तास, पूर्वेला जाणाऱ्यानं पहिला दीड तास चालवणं टाळलं तर बरं. तरीही जावंच लागलं तर आदल्या संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावर पुढची काच आतून पुसून ठेवा. बाहेरचे किडे सगळे पुसतात. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारा चिकट थर बसतो, तो दिवसा दिसत नाही आणि सूर्य समोर आला की अख्खी काच दुधाळ होते. आधी ओलं फडकं, मग कोरडं सुती, कोपऱ्यांपर्यंत. पाच मिनिटांचं काम आहे.

आपला,
एक वाचक